मोठेपणी कॅथलिक श्रद्धा नव्याने समजून घेताना: वर्षभराचा अभ्यासक्रम

बहुतेक कॅथलिक घरांत धर्मशिक्षण दृढीकरण संस्काराबरोबर (कन्फर्मेशन) थांबते. चौदा-पंधराव्या वर्षी शेवटची वही मिटते. त्यानंतर शिक्षण, नोकरी, लग्न, आईवडिलांचे आजारपण, मुलांचे प्रश्न असे सगळे आयुष्य येते, पण त्याला उत्तर देणारी श्रद्धेची समज त्या वयाचीच राहते. मग मुलगी विचारते, ‘पुनर्जन्म असतो का?’ किंवा ऑफिसातला सहकारी विचारतो, ‘तुम्ही मरियेची पूजा करता ना?’ आणि आपल्याला काहीतरी अर्धवट सांगून विषय बदलावा लागतो.

मोठ्यांनी शिकणे ही हौसेची बाब नाही. चर्चच्या कायद्यातील कलम २२९ सांगते की प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांना, आपल्या कुवतीप्रमाणे ख्रिस्ती शिकवण जाणून घेण्याचा हक्क आहे आणि ते त्यांचे कर्तव्यही आहे. त्यामुळे धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) असा वर्ग नसेल, तर तो मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

खाली दिलेली पद्धत रविवारच्या मिस्साभोवती, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेभोवती बांधलेली आहे. त्याचे कारण साधे आहे. मिस्सातली वाचने मुळातच एक अभ्यासक्रम म्हणून रचलेली आहेत, ती आपोआप पुढे सरकतात आणि सगळे धर्मग्राम त्याच वेळी तेच वाचत असते. पुस्तके आणून मनाला येईल तिथून सुरुवात करणारे बरेचजण दोन महिन्यांत थांबतात. रविवार मात्र दर आठवड्याला येतोच. यासाठी आठवड्याला साधारण तीन तास लागतील: सोमवार ते शनिवार रोज वीस मिनिटे आणि एखाद्या दिवशी सलग एक तास. मिस्साचा वेळ वेगळा.

आधी काय जमवायचे

पहिली गरज बायबलची आणि इथेच पहिली चूक होते. घरात असलेले मराठी ‘पवित्र शास्त्र’ बहुतेक वेळा ६६ पुस्तकांचे असते. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत: जुन्या करारात ४६ आणि नव्या करारात २७. नव्या करारात काही फरक नाही. जुन्या करारातली तोबित, युदिथ, मक्काबीची दोन पुस्तके, ज्ञानग्रंथ, बेनसिरा आणि बारूख ही सात पुस्तके, तसेच एस्तेर आणि दानिएल यांतले काही भाग ६६ पुस्तकांच्या आवृत्तीत नसतात. तपासायला सोपी खूण म्हणजे दानिएलचा ग्रंथ उघडा. चौदा अध्याय असतील तर आवृत्ती कॅथलिक आहे, बारा असतील तर नाही. हा फरक किरकोळ नाही. मृतांसाठी प्रार्थना करण्याचा जुन्या करारातला सर्वांत स्पष्ट आधार २ मक्काबी १२ मध्ये आहे. तो ग्रंथच हाताशी नसेल, तर नोव्हेंबर महिन्यात आपण कबरस्तानात काय करतो याचे मूळ सापडणार नाही.

६६ पुस्तकांची प्रत फेकून देऊ नका. शुभवर्तमाने वाचायला ती पुरेशी आहे. फक्त टिपांसह असलेली एक कॅथलिक आवृत्ती सोबत घ्या. नव्या वाचकाला अडते ते मजकुरापेक्षा संदर्भावर: परुशी कोण, शोमरोनी आणि यहुदी यांचे वैर कशाचे, वल्हांडणाचा सण म्हणजे काय. तळटिपा ते सोडवतात. स्तोत्रांचे आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. ग्रीक आणि लॅटिन परंपरेतले क्रमांक बऱ्याच स्तोत्रांत एकाने मागे असतात, म्हणून ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे स्तोत्र कुठे २३ वे, तर कुठे २२ वे दिसते.

दुसरे पुस्तक म्हणजे कॅथलिक चर्चचा कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात २८६५ क्रमांकित परिच्छेद आहेत. इंग्रजी पाठ व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. २००५ मध्ये आलेला त्याचा संक्षेप ५९८ प्रश्नोत्तरांचा आहे. दिवसभर काम करून येणाऱ्याने आधी संक्षेपातले उत्तर वाचावे, मग मोठ्या ग्रंथातला त्याच विषयाचा भाग उघडावा.

तिसरी वस्तू उपासना वर्षाचे (चर्चच्या सणांच्या आणि काळांच्या वर्षाचे) कॅलेंडर. ते धर्मग्रामाच्या कार्यालयात मिळते. चौथी शंभर पानी वही. बस्स. पहिल्या तीन महिन्यांत याखेरीज एकही पुस्तक विकत घेऊ नका.

भाषेबद्दल एक मत ठामपणे मांडतो. अभ्यास इंग्रजीत करावा लागला तरी प्रार्थना आणि टिपणे मराठीत ठेवा. वसई, मुंबई, पुणे, नाशिक, अहिल्यानगर इथल्या अनेकांनी प्रार्थना मराठीत आणि शिक्षण इंग्रजीत घेतलेले असते. परिणामी संकल्पना एका कप्प्यात आणि भक्ती दुसऱ्या कप्प्यात राहते. ‘त्रैक्य म्हणजे काय’ हे स्वतःच्या भाषेत चार वाक्यांत लिहिता आले, तरच ते समजले. आपल्या भाषेत ही वाट नवी नाही. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर इथे छापले गेले. बाप्तिस्मा घेतलेल्या मोठ्या माणसांना उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा मराठी ओव्यांत ऐकता यावी, म्हणून ते रचले होते. आजच्या वाचकाला त्याची भाषा जड जाते, तरी त्यातल्या दुसऱ्या पुराणातले, म्हणजे ख्रिस्तकथेच्या भागातले, एखादे प्रकरण शुभवर्तमानाशेजारी ठेवून वाचले तर फार काही हाती लागते. आजच्या मराठीसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आणि वसईचे ‘सुवार्ता’ मासिक आहेच.

पहिला महिना: आपल्याला काय ठाऊक आहे ते तपासा

कोणताही ग्रंथ उघडण्याआधी हे करा. रविवारी म्हणतो तो विश्वासांगीकार (क्रीड) वहीत एकाआड एक ओळ सोडून उतरवा. मग प्रत्येक कलमाखाली, काहीही न पाहता, त्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा. दोन बैठका लागतील. जिथे पेन थांबते तिथे नुसती फुली मारा. ‘एकुलता एक पुत्र’, ‘पापांची क्षमा’, ‘देहाचे पुनरुत्थान’ इथे बहुतेकांचे पेन थांबते.

मग कॅटेकिझमचा पहिला भाग उघडा. परिच्छेद १८५ ते १०६५ याच क्रमाने जातात. फक्त फुली असलेल्या कलमांचा भाग वाचा आणि आपले उत्तर लाल शाईने दुरुस्त करा. महिनाभर हेच काम. मोठ्या माणसांच्या वहीत नेहमी सापडणाऱ्या चुका साधारण अशा असतात. कंसातले आकडे कॅटेकिझमच्या परिच्छेदांचे आहेत.

‘येशू अर्धा देव, अर्धा माणूस होता.’ नाही. तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे. व्यक्ती एकच (४६४ ते ४६९). हे वाक्य ठरायला चर्चला शतके लागली. नायसिया येथे ३२५ मध्ये पुत्राचे देवत्व स्पष्ट झाले, कॉन्स्टँटिनोपल येथे ३८१ मध्ये विश्वासांगीकाराला आजचे रूप आले, तर खाल्सेदोन येथे ४५१ मध्ये ‘एक व्यक्ती, दोन स्वभाव’ हे सूत्र आले. येशू रडला, थकला, घाबरला हे वाचताना ज्यांना अवघडल्यासारखे होते, त्यांच्या मनात बहुधा माणसाच्या वेषातला देव असतो. तो समज आधी जायला हवा.

‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही एकाच देवाची तीन रूपे आहेत.’ हेही चूक, आणि आपल्याकडे ही चूक चटकन होते, कारण एक देव अनेक रूपांत प्रकटतो ही कल्पना आपल्या आजूबाजूला परिचयाची आहे. कॅथलिक शिकवण सांगते की तीन खऱ्याखुऱ्या भिन्न व्यक्ती आहेत आणि देव एक आहे (२५३ ते २५५). येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतो, आत्मा उतरतो आणि पित्याचा आवाज येतो, तो प्रसंग डोळ्यांसमोर ठेवला तर हे लक्षात राहते.

‘निष्कलंक गर्भसंभव म्हणजे मरियेने कुमारी असताना येशूला जन्म दिला.’ ८ डिसेंबरचा सण मरियेच्या स्वतःच्या आईच्या उदरातल्या गर्भसंभवाचा आहे: ती पहिल्या क्षणापासून मूळपापापासून मुक्त राहिली (४९१). हा धर्मसिद्धांत १८५४ मध्ये घोषित झाला. येशूच्या कुमारीजन्माशी त्याची गल्लत करू नका.

‘शुद्धिस्थान म्हणजे दुसरी संधी.’ नाही. देवाच्या कृपेत मरण पावलेल्यांचेच तिथे शुद्धीकरण होते. त्यांचे तारण निश्चित झालेले असते (१०३०, १०३१).

‘पोप कधीच चुकत नाहीत.’ प्रमादातीतता (शिकवण चुकणार नाही ही हमी) श्रद्धा आणि नीती यांविषयी ठरावीक अटींखाली दिलेल्या निर्णायक शिकवणीपुरती आहे (८९१). पोपांची मुलाखत किंवा एखाद्या देशाच्या राजकारणावरचे त्यांचे मत त्यात येत नाही.

आणि पुनर्जन्म. या प्रश्नावर कॅथलिक माणसे सर्वांत जास्त गोंधळलेली दिसतात, कारण ‘मागच्या जन्मीचं पाप’, ‘सात जन्म’ हे शब्द रोजच्या बोलण्यातच आहेत. परिच्छेद १०१३ स्पष्ट आहे: माणूस एकदाच मरतो, मरणानंतर पुन्हा जन्म नाही, आधार इब्री लोकांस पत्र ९:२७. पण नुसते ‘नाही’ सांगून थांबू नका. आपली आशा आत्म्याच्या सुटकेपेक्षा मोठी आहे. हाच देह, हीच व्यक्ती, रूपांतरित होऊन उठेल (९८८ ते १००४). आजीच्या कबरीपाशी मेणबत्ती लावताना आपण हेच मानत असतो. त्याच बैठकीत परिच्छेद ८४१ ते ८४८ वाचून घ्या, म्हणजे इतर धर्मांतल्या शेजाऱ्यांविषयी ख्रिस्तसभा (चर्च) किती आदराने बोलते आणि ख्रिस्ताविषयी काय सोडत नाही, हे दोन्ही कळेल.

आठवड्याची चाल

१९६९ च्या सुधारणेनंतर रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. ‘अ’ वर्षात मत्तय, ‘ब’ वर्षात मार्क, ‘क’ वर्षात लूक. योहानाचे शुभवर्तमान मुख्यतः प्रायश्चित्तकाळात (ईस्टरपूर्वी) आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासून पुढे) येते. मार्कचे शुभवर्तमान छोटे असल्याने ‘ब’ वर्षाच्या सामान्यकाळात (सणांच्या खास काळांबाहेरच्या आठवड्यांत) पाच रविवार योहानाच्या सहाव्या अध्यायाला दिले आहेत. कोणते वर्ष चालू आहे ते ओळखण्याची युक्ती: सनाला ३ ने पूर्ण भाग गेला तर ते ‘क’ वर्ष. २०२५ हे ‘क’, २०२६ ‘अ’, २०२७ ‘ब’. उपासना वर्ष मात्र आधीच्या नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीस, आगमनकाळाच्या (नाताळपूर्वीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी सुरू होते.

वाचनांची रचना समजली की प्रवचन ऐकण्याची रीतच बदलते. सामान्यकाळात पहिले वाचन शुभवर्तमानाशी जोडून निवडलेले असते. मधले स्तोत्र पहिल्या वाचनाला दिलेले उत्तर असते. दुसरे वाचन, म्हणजे पत्र, स्वतंत्रपणे क्रमाने पुढे चाललेले असते. त्याचा बाकीच्यांशी मेळ लागत नाही म्हणून डोके खाजवू नका. पुनरुत्थानकाळात पहिले वाचन जुन्या करारातून येत नाही, ते प्रेषितांच्या कृत्यांतून येते.

सोमवारी येत्या रविवारचे शुभवर्तमान एकदा सावकाश वाचा आणि त्याच्या आधीचा व नंतरचा उतारा पाहा. मंगळवारी पहिले वाचन आणि स्तोत्र. दोहोंना जोडणारा शब्द किंवा प्रसंग शोधून वहीत लिहा. बुधवारी पत्र. गुरुवारी तळटिपा आणि अडलेले शब्द. शुक्रवारी त्या उताऱ्याचा कॅटेकिझममध्ये कुठे उल्लेख आहे ते शेवटच्या सूचीत पाहा. बायबलच्या संदर्भांची स्वतंत्र सूची तिथे आहे, आणि ती या सगळ्या अभ्यासातली सर्वांत कमी वापरली जाणारी पण सर्वांत उपयोगी पाने आहेत. शनिवारी काहीही नवे वाचू नका. शुभवर्तमान घेऊन फक्त प्रार्थना करा. रविवारी मिस्सानंतर घरी येताच प्रवचनातला एक मुद्दा वहीत उतरवा.

एखादा आठवडा बुडाला तर मागचे भरून काढायला जाऊ नका. पुढच्या रविवारपासून धरा. थकबाकी फेडण्याच्या नादात माणसे हे काम सोडतात.

सलग एका तासात काय वाचायचे

हा तास बायबल सलग वाचण्यासाठी. उत्पत्तीच्या पहिल्या पानापासून सुरू केलेत तर लेवीयच्या अर्पणांच्या नियमांत अडकाल; शेवटून, प्रकटीकरणापासून सुरू केलेत तर भीती आणि तर्ककुतर्क पदरी पडतील. आधी मार्क घ्या. अवघे सोळा अध्याय, दीड-दोन तासांत होतात. पहिल्यांदा न थांबता वाचा. दुसऱ्या वाचनात ८:२७ ते ३० जवळ थांबा: ‘तुम्ही मला कोण म्हणून म्हणता?’ तिथून पुढे वाट यरुशलेमकडे वळते. मग लूक आणि लगेच प्रेषितांची कृत्ये, कारण दोन्ही एकाच लेखकाचे आहेत आणि दुसरे पहिल्याचा पुढचा भाग आहे.

त्यानंतर जुना करार निवडून: उत्पत्ती १ ते ४, १२ ते २२, ३७ ते ५०, निर्गम १ ते २० आणि २४, शमुवेलाच्या पुस्तकांतला दावीद, यशया ४० ते ५५, ज्ञानग्रंथाचे पहिले पाच अध्याय. निर्गम १२ आणि २४ वाचल्याशिवाय ‘नव्या कराराचे रक्त’ हे शब्द मिस्सात ऐकूनही कानाबाहेर राहतात.

वाचताना कसोटी कोणती लावायची? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजात ती दिली आहे आणि कॅटेकिझमने परिच्छेद १०९ ते ११४ मध्ये मांडली आहे. लेखकाला काय म्हणायचे होते, तो कोणत्या प्रकारचे लेखन करत होता (कविता, इतिहास, दृष्टांत, भविष्यवाणी), संपूर्ण बायबलच्या एकतेत हा उतारा कुठे बसतो, ख्रिस्तसभेच्या जिवंत परंपरेने तो कसा वाचला आणि श्रद्धेच्या इतर सत्यांशी तो कसा जुळतो. उत्पत्तीतले सहा दिवस आणि विज्ञान यांच्यात भांडण लावणारे दोन्ही बाजूंचे लोक ‘लेखनाचा प्रकार’ हा प्रश्नच विचारत नाहीत. परिच्छेद ३९० सांगतो की तिसऱ्या अध्यायातली पतनाची कथा प्रतिमांच्या भाषेत आहे, पण ती मानवाच्या आरंभी खरोखर घडलेली घटना सांगते. या वाक्यातला अर्धा भाग धरून चालणार नाही.

‘देई व्हर्बुम’ स्वतः वाचा. अवघे २६ परिच्छेद आहेत, दोन बैठकांत होते. विश्वपरिषदेचे सोळा दस्तऐवज आहेत. दुसऱ्या वर्षी त्यांतले ख्रिस्तसभेविषयीचे ‘लुमेन जेन्तियुम’ घ्या.

सिद्धांत, नियम, चालीरीती

मोठ्यांच्या बहुतेक वादांची मुळे इथे असतात. तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका.

धर्मसिद्धांत बदलत नाही: ख्रिस्ताचे देहधारण, पुनरुत्थान, भाकर आणि द्राक्षारस यांच्या रूपात ख्रिस्ताची खरी उपस्थिती (१३७३ ते १३७७). त्याची समज खोल होते, आशय बदलत नाही.

चर्चची शिस्त बदलू शकते आणि बदललीही आहे. कम्युनियनआधी (मिस्सातली पवित्र भाकर घेण्याआधी) आता एक तासाचा उपवास आहे. एकेकाळी तो मध्यरात्रीपासून असे. राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंत उपवास, आणि मांसत्याग १४ वर्षे पूर्ण झाल्यापासून. धर्मगुरूंनी अविवाहित राहण्याचा लॅटिन चर्चचा नियम शिस्तीत मोडतो. काही पौर्वात्य कॅथलिक चर्चमध्ये विवाहित पुरुषांना गुरुदीक्षा मिळते. बदलू शकतो म्हणून नियम हलका ठरत नाही. तो लागू असेपर्यंत पाळायचा असतो.

तिसरी गोष्ट लोकभक्ती: माहीमच्या चर्चमधला बुधवारचा नोव्हेना (नऊ वेळा करायची प्रार्थना), बांद्र्याच्या डोंगरावरच्या माउलीला वाहिलेल्या मेणाच्या आकृत्या, हरेगावची मतमाउलीची यात्रा. ख्रिस्तसभा या भक्तीचा आदर करते आणि ती उपासनेकडे नेणारी असावी असे सांगते (१६७४, १६७५). दोन टोके टाळा. थोडा अभ्यास झाला की काहीजण आजीच्या नोव्हेनाला अडाणी ठरवू लागतात. ते उद्धटपणाचे आहे आणि चुकीचेही. दुसरीकडे, नऊ बुधवार पूर्ण केले म्हणजे देवाला मागणे पुरवावेच लागेल, असे मानणे ही अंधश्रद्धा. परिच्छेद २१११ तेच सांगतो.

मरियेच्या पूजेबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर इथे बसते. आराधना फक्त देवाची. मरियेला विशेष सन्मान आणि तिच्याकडे मध्यस्थीची विनंती (९७१). ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचा उत्तरार्ध नीट ऐका: ‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर.’

ज्ञान प्रार्थनेत उतरवण्यासाठी

केवळ माहिती वाढली तर माणूस वादविवादात पटाईत होतो, बाकी काही होत नाही. म्हणून शनिवारची वीस मिनिटे चुकवू नका. बाराव्या शतकातल्या दुसरा ग्विगो या कार्थुसियन संन्याशाने सांगितलेल्या चार पायऱ्या वापरा. पाच मिनिटे उतारा दोनदा, शक्य तर मोठ्याने वाचा. पाच मिनिटे थांबवणाऱ्या एकाच शब्दावर राहा. पाच मिनिटे त्या शब्दावरून प्रभूशी आपल्या भाषेत बोला: आभार, तक्रार, विनंती, काहीही. शेवटची पाच मिनिटे गप्प बसा. इथे होणारी चूक म्हणजे दुसऱ्या पायरीवर प्रवचन तयार करणे: ‘हे माझ्या नवऱ्याने ऐकायला हवं होतं.’ उतारा तुमच्याशी बोलतो आहे. मन भरकटले तर त्या शब्दावर परत या, पुन्हा सुरुवात करू नका.

रात्री झोपण्याआधी दहा मिनिटे संत इग्नेशियस यांचे दैनिक परीक्षण: आभार, प्रकाशासाठी विनंती, दिवसाची उजळणी, क्षमायाचना, उद्याचा एक निश्चय. निश्चय ‘मी चांगला वागेन’ असा ढोबळ नसावा. ‘उद्या सकाळी आईला फोन करीन’ असा हवा.

रोझरी (जपमाळेची प्रार्थना) घरात होतच असेल, तर प्रत्येक रहस्याआधी, म्हणजे मननाच्या प्रसंगाआधी, त्याचा उतारा वाचा. आनंदाची पाचही रहस्ये लूकच्या पहिल्या दोन अध्यायांत आहेत. प्रकाशाची रहस्ये २००२ मध्ये जोडली गेली.

प्रायश्चित्त संस्काराकडे (कन्फेशनकडे) विशेष लक्ष द्या, कारण इथे मोठी माणसे सर्वांत जास्त लहान राहिलेली असतात. चाळिशीतला माणूस आठवीत शिकलेली यादी सांगतो: ‘खोटे बोललो, रागावलो, प्रार्थना चुकवली.’ ऑफिसातला गैरव्यवहार, भावाशी जमिनीवरून तुटलेले बोलणे, कामवाल्या बाईंचा थकवलेला पगार, जोडीदाराशी अबोला यांतले काहीच त्यात येत नाही. तयारीसाठी दहा आज्ञांबरोबर मत्तय ५ ते ७ आणि रोमकरांस पत्र १२ ते १५ घेऊन बसा. परिच्छेद १४५४ हे उतारे सुचवतो. गंभीर पापे प्रकार आणि संख्या यांसह सांगायची असतात, तपशीलवार कहाणी नको. वर्षातून एकदा गंभीर पापांची कबुली देणे ही किमान मर्यादा आहे. खूप वर्षांचा खंड पडला असेल तर शनिवारच्या रांगेत उभे राहू नका. धर्मगुरूंना फोन करून अर्ध्या तासाची वेळ घ्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा, ‘फादर, बऱ्याच वर्षांनी आलोय, मला मदत करा.’ कन्फेशनची गुप्तता धर्मगुरू कोणत्याही कारणाने मोडू शकत नाहीत.

एकट्याने नको

तीन महिने झाले की सहा ते आठ जणांचा गट बांधा. चारपेक्षा कमी असले तर दोघे गैरहजर राहताच बैठक मोडते, दहापेक्षा जास्त झाले तर तिघेच बोलतात. पंधरवड्यातून एकदा, सव्वा तास. दहा मिनिटे प्रार्थना आणि शुभवर्तमानाचे वाचन, वीस मिनिटे प्रत्येकाने एक निरीक्षण सांगणे (कोणी मध्ये बोलायचे नाही), अर्धा तास कॅटेकिझमचे आधी वाचून आलेले आठ-दहा परिच्छेद, दहा मिनिटे अनुत्तरित प्रश्न लिहून काढणे, पाच मिनिटे समारोपाची प्रार्थना. चहा त्यानंतर. चहा आधी ठेवला की बैठक निम्मी संपते. अनुत्तरित प्रश्नांची यादी महिन्यातून एकदा फादरांकडे किंवा धर्मशिक्षण देणाऱ्या सिस्टरांकडे न्या. ‘माझं मत’ आणि ‘चर्चची शिकवण’ हे बोलताना वेगळे सांगायचे, हा एक नियम पहिल्याच दिवशी ठरवा.

शंका आली म्हणून घाबरू नका, पण तिचा प्रकार ओळखा. ‘मला समजत नाही’ याला अभ्यास हवा. ‘मला पटत नाही’ याला वेळ आणि जाणकाराशी संवाद हवा. ‘चर्चमधल्या माणसाने मला दुखावलंय’ याला युक्तिवाद लागू पडत नाही. तिथे ऐकून घेणारा माणूस हवा. तिन्हींवर एकच औषध दिले जाते, तेव्हा माणूस दूर जातो.

मोबाइलवर येणाऱ्या साहित्याला तीन प्रश्न विचारा. बोलणारा कोणाच्या अधिकाराखाली शिकवतो? तो परिच्छेद किंवा दस्तऐवज दाखवतो का? ऐकून झाल्यावर प्रार्थना करावीशी वाटते की कोणाशी तरी भांडावेसे वाटते? पुस्तकाच्या सुरुवातीला बिशपांची छपाईची अनुमती आहे का पाहा; श्रद्धेविरुद्ध त्यात काही आढळले नाही, एवढाच तिचा अर्थ. दर्शने आणि संदेश यांच्याबाबत परिच्छेद ६७ पाठ असावा: खासगी प्रकटीकरण मान्यता मिळालेले असले तरी श्रद्धेच्या ठेव्यात भर घालत नाही. ‘तीन दिवस अंधार पडणार’ असे संदेश पुढे पाठवण्याआधी बिशपांच्या कार्यालयात विचारा.

अभ्यासाला हातापायांचीही जोड हवी. मत्तय २५:३१ ते ४६ वाचून झालेल्या गटाने महिन्यातून एक काम ठरवावे: घराबाहेर पडू न शकणाऱ्या आजाऱ्यांना भेटणे, परप्रांतीय मजुरांच्या मुलांचा अभ्यास घेणे. सामाजिक शिकवणीची सुरुवात पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या कामगारांविषयीच्या पत्रापासून करता येईल, पण वसईकरांना जवळचे दार पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लौदातो सी’ या पर्यावरणाविषयीच्या पत्राचे आहे. पाणी, वाड्या आणि वस्तीची हाव यांवर दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसईच्या लढ्यात जे मांडले, ते सृष्टीविषयीच्या याच श्रद्धेतून आले होते.

वर्षानंतर ज्यांना पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी महाराष्ट्रातच सोय आहे. पुण्याच्या ज्ञानदीप या संस्थेत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाचे रीतसर शिक्षण मिळते. अनेक धर्मप्रांत प्रापंचिकांसाठी छोटे वर्गही घेतात. नाव नोंदवण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या: शिकवण्याची भाषा कोणती, वर्ग संध्याकाळी आहेत की शनिवार-रविवारी, धर्मग्रामाच्या शिफारसपत्राची गरज आहे का, आणि शेवटी लेखी परीक्षा असते का. वहीतली अनुत्तरित प्रश्नांची पाने पहिल्या दिवशी सोबत घेऊन जा.